नॉब दोनच्या पुढे नेऊ नये

अर्जाखाली अर्जदाराची सही असते, कधी अंगठा असतो, क्वचित चहाचा डागही असतो. परंतु तो अर्ज ज्याने लिहिला त्याचे नाव मात्र कोठेही नसते. सव्वीस वर्षे मी नाशकात तहसील कचेरीच्या कुंपणालगत टेबल टाकून लोकांचे अर्ज, विनंत्या, तक्रारी व हमीपत्रे लिहीत आलो आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्या नावासह चार पाने मला दिली, त्यामुळे स्वतःच्या सहीने काही लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग होय. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, ही गोष्ट मी लपवीत नाही. एम. ए. झालेली माणसे माझ्याकडून अर्ज लिहून घेतात, हीही लपवण्यासारखी गोष्ट नाही.

बाहेरच्या माणसास वाटते की अर्ज म्हणजे हकिगत. हकिगत काय, कोणालाही सांगता येते. अर्जाचा जीव असतो शेवटच्या परिच्छेदात, ज्यास आम्ही ‘मागणी’ म्हणतो. हरसूलकडचे एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याविरुद्ध अर्धा तास बोलले आणि मागणी विचारली तेव्हा म्हणाले, “त्याला लाज वाटंल असं कायतरी लिहा.” लाज वाटावी अशी मागणी शासनाकडे करता येत नाही. मी ‘बांधाची मोजणी व्हावी’ असे लिहिले. मोजणी झाली, आणि बांध या गृहस्थांनीच कोरलेला निघाला. पुढे बरेच महिने ते माझ्या टेबलासमोरून मान वळवून जात असत. पण कागद म्हणून तो अर्ज निर्दोष होता.

माझी दोन तत्त्वे आहेत. पहिले असे की, मोघम मागणीस मोघम उत्तर येते, म्हणून मागणीत आकडा असावा. ‘पाणी पुरेसे यावे’ असे न लिहिता ‘पाणी सकाळी सहा ते आठ यावे’ असे लिहावे. दुसरे असे की, लेखनिकाने टेबल सोडून जागेवर जाऊ नये. जागेवर गेलेला माणूस बाजू घेऊ लागतो. यांपैकी दुसरे तत्त्व मी आयुष्यात एकदाच मोडले, आणि ते पहिल्या तत्त्वामुळे मोडावे लागले.

पंचवटीतले श्रीधर गुरुजी माझ्याकडे आले ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. गुरुजी पहाटे साडेतीनला उठतात, चारच्या ठोक्याला रामकुंडावर हजर असतात आणि बाहेरगावाहून आलेल्या यजमानांचे श्राद्धविधी आटोपून दुपारी एकला घरी येतात. जेवण झाले की दोन ते चार झोप. संध्याकाळी पुन्हा कोणाकडे तरी पूजा. ही दोन तासांची झोप म्हणजे त्यांचा सगळा व्यवसाय तोलून धरणारा खांब. तो खांब हलू लागला होता, कारण वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली होती आणि ती दुपारी अडीच ते चार गिटार वाजवीत असे.

मी म्हणालो, गिटार वाजवली तर वाजवली, त्यात एवढे काय. त्यावर गुरुजींनी जे सांगितले ते ऐकून मी पेनाचे टोपण काढले. झोप नसल्यामुळे आदल्या आठवड्यात येवल्याच्या यजमानांच्या पिंडदानात त्यांच्या तोंडून कोपरगावच्या यजमानांच्या पणजोबांचे नाव गेले. ‘आमच्यात केशवराव कोणी झालेच नाहीत’ असे येवल्याच्या काकू भर घाटावर म्हणाल्या. ज्यांच्या घरात चार पिढ्यांत एक अक्षर चुकले नाही, त्या गुरुजींना पिंड परत मांडावे लागले.

“सोनवणे,” ते मला म्हणाले, “केशवरावांना दोनदा मिळालं याचं मला काही वाटत नाही. येवल्याचे जे कोणी होते ते उपाशी बसले असते.”

आवाज किती, हे मी विचारले. गुरुजी वर जाऊन पाहून आले होते. गिटारची तार एका मोठ्या पेटीत जोडलेली असते, त्या पेटीस अँप म्हणतात, आणि त्यावर एक ते दहा आकड्यांचा नॉब असतो. त्या दिवशी नॉब चारवर होता. आकडा हाती आल्यावर मला उत्साह वाटला. चाराचे निम्मे दोन. नॉब निम्म्यावर आला की आवाजही निम्म्यावर येणार. नववीपर्यंतच्या गणितात याहून वेगळे काही शिकवल्याचे मला आठवत नाही. मी मागणी लिहिली: ‘सदर यंत्राचा नॉब दोन या अंकाच्या पुढे कदापि नेऊ नये.’

अर्ज जागेच्या मालकांना गेला. हे मालक विंचूरचे, कांद्याचे व्यापारी. नाशकातली ही जागा त्यांनी भाड्याने दिलेली. त्यांनी मलाच फोन केला आणि म्हणाले, एवढं चांगलं लिहिता तर पोरीकडून लिहून घ्यायचा कागदही तुम्हीच करा, मला कटकट नाय पाहिजे. मी हमीपत्र तयार केले. त्यात तीन कलमे होती. नॉब दोनच्या पुढे जाणार नाही. गुरुजींना पंधरवड्यातून एकदा नॉबची पाहणी करता येईल. अटीचा भंग झाल्यास पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी लागेल. कलमे एकमेकांत अशी बसली होती की मधून पाते जाणार नाही. मुलीने त्यावर सही केली. तिचे नाव वैशाली गांगुर्डे. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, तिकडच्याच एका वायनरीच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला नोकरी. संध्याकाळी इमारतीतली मुले अभ्यासाला बसतात म्हणून तिने स्वतःहून दुपारची वेळ निवडली होती, हे मला पुढे कळले. त्या वेळी मी विचारले नव्हते. लेखनिकाने तसे विचारायचे नसते.

दहा दिवसांनी गुरुजी पुन्हा टेबलासमोर उभे. डोळे तांबारलेले. मला वाटले, मुलीने अट मोडली. तसे नव्हते. पाहणीच्या अधिकाराने ते वर गेले होते, नॉब बरोबर दोनवर होता, आणि तरीही त्यांच्या कपाटातली तांब्या-भांडी वाजत होती. “अट पाळली जातेय,” ते म्हणाले, “आणि मी झोपत नाही. आता काय मागायचं?” मागणी मान्य होऊनही माणूस समाधानी नाही, असा अनुभव मला नवा नव्हता. मी त्यांना थोडी वाट पाहण्याचा सल्ला दिला.

त्यानंतर तीन आठवडे कोणी आले नाही. मग एका गुरुवारी भर दुपारी वैशाली आली. डोक्यावर हेल्मेट तसेच, हातात माझे हमीपत्र.

“काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

मी होय म्हणालो, आणि कागदात काही उणे आहे काय असे विचारले.

“काहीच उणं नाही. तेच तर. मला घराबाहेर काढायला एकदम बरोबर लिहिलंय.”

तिने जे सांगितले त्याचा सारांश असा. तिने मुंबईच्या एका वादकाकडून एक छोटी पेटी आणली होती. ती बसवल्यापासून आवाज इतका खाली आला की गुरुजी चौदा दिवस सलग झोपले. परंतु त्या पेटीसह वाजवायचे तर अँपचा नॉब आठवर ठेवावा लागतो. गुरुजी ठरल्याप्रमाणे पाहणीस गेले आणि त्यांनी आठ हा आकडा पाहिला. त्यांनी तिला प्रामाणिकपणे सांगितले की झोप उत्तम लागते, आणि तितक्याच प्रामाणिकपणे मालकांना फोन करून सांगितले की अटीचा भंग झाला आहे. मालक म्हणाले, कागद म्हणजे कागद, पंधरा दिवस. एकट्या मुलीला, तीही गिटारवाली, नाशकात घर मिळवणे किती कठीण असते हे तिने मला फार सांगितले नाही. सात घरमालकांनी नकार दिल्यावर हे आठवे घर मिळाले होते, एवढेच म्हणाली. दिंडोरीहून रोज ये-जा करता आली असती. पण घरी तिच्या वडिलांनी अट घातली होती की बागेत राहायचे तर ते यंत्र नको. म्हणजे जागा गेली की गिटारही गेली.

मी तिला समजावू लागलो की हमीपत्रात नॉबचा उल्लेख स्पष्ट असल्यामुळे… तिने मला पुढे बोलू दिले नाही.

“तुम्ही तो आवाज कधी ऐकलाय का, काका?”

मी ऐकला नव्हता. सव्वीस वर्षांत मी एकही बांध पाहिला नाही, एकही गळते छत पाहिले नाही, एकाही बोअरचे पाणी चाखले नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचे शब्बीरभाई मान खाली घालून टंकन करीत असल्यासारखे बसले होते, पण त्यांची बोटे थांबली होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी टेबलावर प्लास्टिक टाकले आणि वैशालीच्या स्कूटीवर मागे बसलो. शब्बीरभाईंनी विचारले, “कुणी गेलं का?” टेबल भर दिवसा बंद होण्याचे दुसरे कारण त्यांस सुचले नाही.

तिच्या खोलीत गादी, पुस्तकांची खोकी, द्राक्षरसाच्या नमुन्यांच्या बाटल्या आणि मधोमध ते यंत्र. ट्रंकेएवढे, काळे, वर पितळी जाळी. जाळीच्या आत काचेच्या उभ्या नळ्या तांबूस जळत होत्या. आमच्या घरच्या जुन्या रेडिओत अशाच नळ्या होत्या. रेडिओ लावला की त्या तापेपर्यंत वडील आम्हांस बोलू देत नसत. वैशालीने सांगितले की या नळ्यांना पूर्ण जोर लावला तरच गिटारचा खरा आवाज निघतो. गवई दबक्या आवाजात गुणगुणतो तेव्हा आणि पूर्ण गळा उघडतो तेव्हा केवळ मोठेपणाचा फरक नसतो, गळ्याचा पोतच बदलतो, तसे हे. पण नळ्यांना पूर्ण जोर लावायचा म्हणजे अख्खी गल्ली जागी.

“आणि दोनवर?” मी विचारले.

“तुम्हीच बघा.” तिने छोटी पेटी बाजूला काढली. त्याआधी तिने अँप बंद केला, कारण अशा अँपला स्पीकर किंवा ती पेटी यांपैकी काहीच जोडलेले नसताना तो चालवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग तिने स्पीकर सरळ जोडला, नॉब माझ्या कायदेशीर दोनवर ठेवला आणि तारांवर एकदाच हात फिरवला.

माझा चष्मा नाकावर थरथरला. खाली कोठेतरी भांडे वाजले. ते गुरुजींचे होते हे मला ठाऊक होते.

तिने समजावले की या यंत्रात आवाजाचा बहुतेक मोठेपणा पहिल्या दोन-तीन आकड्यांतच येऊन जातो; पुढचे आकडे आवाज जाड करतात, रसरशीत करतात, फार मोठा करत नाहीत. म्हणजे चाराचे दोन केल्याने गुरुजींचे काहीच वाचले नव्हते, आणि तिचा सूर मात्र पार पातळ झाला होता. माझ्या कलमाने दोन्ही पक्षांचे समान नुकसान केले होते. समान न्याय म्हणतात तो असा असू नये.

मग तिने छोटी पेटी पुन्हा जोडली. हिला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. ती अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसते. अँप पूर्ण जोराने जे पाठवतो त्याचा बराचसा भाग ती स्वतःच पिऊन टाकते, त्याची उष्णता होते, आणि उरलेला थोडासाच स्पीकरला देते. नॉब आठवर गेला. मी कानांवर हात नेले होते. तिने हसून ते खाली घ्यायला लावले आणि वाजवू लागली.

काय सांगावे. नदीच्या पलीकडच्या काठावर कोणीतरी छाती फुटेस्तोवर गात आहे आणि आपण अलीकडे पायरीवर बसून ऐकतो आहोत, असा तो आवाज होता. मोठेपणा सगळा निघून गेलेला आणि जोर सगळा शिल्लक. मी पुन्हा वाजव म्हणालो. तिने पुन्हा वाजवले. थोडा जीव जातोच, ती म्हणाली. स्पीकर स्वतः जोरात हलला की जी मजा येते ती यात नाही. माझ्या कानास काही गेलेले जाणवले नाही. मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तिने गिटारच माझ्या मांडीवर ठेवली आणि जाड तार छेडायला सांगितली. माझ्या वयाच्या माणसाने असा हट्ट करू नये. पण ती तार मी चार वेळा छेडली, आणि चारही वेळा उत्तम वाजली.

आम्ही खाली गेलो. गुरुजी नुकतेच जेवून उठले होते. मी त्यांना वर घेऊन आलो आणि त्या छोट्या पेटीवर हात ठेवायला सांगितला. ती चांगलीच तापली होती.

“यात काय कोंडलंय?” गुरुजींनी विचारले.

“तुमची झोपमोड,” वैशाली म्हणाली. “आत जळून जाते.”

गुरुजींनी हात मागे घेतला, क्षणभर पेटीकडे पाहिले आणि हलकेच म्हणाले, “स्वाहा.” मुलगी हसली, मीही हसलो, गुरुजी मात्र गंभीर होते. त्यांना यंत्र समजले होते. परंतु ते लगेच पुढे म्हणाले की यंत्र समजले म्हणून शब्द बदलत नाही. पेटी आज आहे, उद्या काढली तर? त्यांच्या हातात माझा कागद होता आणि कागदावर दोन होते. “मंत्रात चार म्हटलं असेल तर मी पाच आहुत्या देत नाही. तुम्ही दोन लिहिलंत. आठ कसं चालवून घेऊ?”

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. माझ्या आकड्यावर त्यांचा जितका विश्वास होता तितका माझाही तोपर्यंत कोणत्या आकड्यावर नसेल. मी वैशालीला वरच थांबून आठवर वाजवत राहण्यास सांगितले आणि गुरुजींसह त्यांच्या झोपण्याच्या खोलीत जाऊन बसलो. ते वेताच्या खुर्चीत, मी पलंगाच्या कडेवर. वर गिटार चालू होती. लक्ष दिले तर ती कळत होती, दुसरीकडे लक्ष गेले की कळत नव्हती. भिंतीवर घड्याळ होते. मला त्याची टिकटिक ऐकू येत होती.

तेथे, पलंगाच्या कडेवर, माझ्या ध्यानात आले की मी जे मोजले होते ते चुकीच्या मजल्यावर मोजले होते. त्रास खाली होता आणि आकडा मी वर लावला होता. अशा किती कागदांत माझा एखादा ‘दोन’ जाऊन बसला असेल, आणि कोणी किती वर्षे तो पाळत असेल, या विचाराने माझे मन थोडे खजील झाले. ते दुखणे अजून पुरते गेलेले नाही. पण पेन हातात होते आणि कागद कोरा होता, आणि अशा वेळी मला फार काळ वाईट वाटत नाही.

नवा कागद करतो आणि गुरुजींची सही घेतो असे मी मालकांना फोनवर कळवले, आणि नवे हमीपत्र हाताने, पाठीमागे उशी घेऊन लिहिले. ‘दुपारी दोन ते चार या वेळेत, श्रीधर गुरुजी यांच्या शयनकक्षातील भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, खिडक्या लावलेल्या असताना, खुर्चीत बसलेल्या माणसास स्पष्ट ऐकू येईल, इतकाच आवाज सदर यंत्राने करावा. नॉब कोणत्या अंकावर आहे याच्याशी कोणासही कर्तव्य नाही.’ पाहणी आता गुरुजींनी खुर्चीत बसून करावयाची होती, जिना चढण्याची गरज नव्हती. शेवटी मी एक ओळ घातली, जी मी आजवर कोणत्याही कागदात घातली नव्हती: ‘पूर्वीच्या हमीपत्रातील अंक हा लेखनिकाच्या चुकीच्या समजुतीने पडला होता, पक्षकारांचा त्यात दोष नाही.’ आणि तिच्याखाली, जागा नसताना, माझे नाव लिहिले.

सही घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवायचा असतो. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि वाचू लागलो. ‘लिहून देणार’ झाले, ‘लिहून घेणार’ झाले. घड्याळाचे कलम मी विशेष सावकाश वाचले, कारण ते मला फार आवडले होते. वाचून झाल्यावर मी कागद पुढे केला. गुरुजींनी तो घेतला नाही. त्यांची मान एका बाजूला कलली होती, हात पोटावर जुळले होते आणि श्वास संथ चालला होता. वर नॉब आठवर होता.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. मी बाहेर जिन्यात गेलो. विंचूरचे मालक होते. मागे कांद्याच्या लिलावाचा गलका चालू होता.

“सोनवणे भाऊ, झाली का सही? का टेम्पो पाठवू सामानाला?”

“सही व्हायची आहे,” मी हलक्या आवाजात म्हणालो. “सही करणारे झोपले आहेत.”

“आत्ता? आन् ती पोरगी कुठंय?”

“वर. वाजवते आहे.”

पलीकडे त्यांनी आकडे ओरडणाऱ्या कोणाला तरी ‘थांब जरा’ म्हटले.

“मंग त्यांना कशाला उठवता,” मालक म्हणाले. “ऱ्हाऊ द्या तिला.”

मी परत खोलीत गेलो, कागदाची घडी करून गुरुजींच्या चष्म्याखाली ठेवली, चपला हातात घेतल्या आणि पायांचा आवाज न करता जिना उतरलो.